कच्ची मुरड

रविवारी पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी मी रिव्हॉल्व्हरचा चाप तिसऱ्यांदा ओढला आणि तो हललाच नाही. समोर बारा-पंधरा पावलांवर अस्वलीण होती. डाव्या हाताची दोन बोटं गेली ती पुढच्या चार-पाच सेकंदांत. त्याची तयारी मात्र ५७ तास आधी माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच हातून सुरू झाली होती. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस मी. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून हा घटनाक्रम मी स्वतःला जराही सवलत न देता लिहितो आहे.

गुरुवार, रात्री ८.५० (५७ तास आधी)

अलास्कात जुलैमध्ये रात्र ही घड्याळापुरती असते. अँकरेजच्या माझ्या गॅरेजच्या खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि टेबलावर ५३ रिकाम्या पुंगळ्या उभ्या होत्या. पॉइंट ४४ मॅग्नमच्या. दोन दिवसांनी मेहुण्याला घेऊन रशियन नदीवर मासेमारीला जायचं होतं. नदीत सॉकआय सॅमन वर चढत असतो आणि त्याच्या मागोमाग तपकिरी अस्वलं येतात. तेव्हा कमरेला काहीतरी हवं.

एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा वापरून घरी काडतूस भरणं हा इथला रीतसर, कायदेशीर छंद आहे. (भारतात परवान्याशिवाय हे केलंत तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली थेट तुरुंग, वाचून कुणाला हुरूप आला असेल तर आत्ताच आवरा.) काम तसं सोपं. फुगलेली पुंगळी डायमधून चेपून मूळ मापाला आणायची, जळकी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची आणि शेवटी पुंगळीचा काठ आत मुडपायचा. पैसे वाचतात, असं आपण बायकोला सांगतो. खरं कारण वेगळं असतं. इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग घासत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या मापात बनवलेल्या वस्तूचा जो माज असतो, तो माझ्यात पुरेपूर होता.

पुंगळ्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, नेमबाजीच्या रेंजवर जमवलेल्या. कुठली किती वेळा उडाली होती, देव जाणे. पुस्तकी मापाप्रमाणे या पुंगळीची लांबी जास्तीत जास्त ३२.६ मिलिमीटर. व्हर्नियर लावून पाच-सहा मोजल्या. कुठली ३२.२, कुठली ३२.५, एक अगदी ३२.६. सगळ्या एका लांबीला कापून घ्यायला हव्या होत्या. त्यासाठीचं हातयंत्र समोरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. पण ५३ पुंगळ्या कापायच्या, आतून-बाहेरून कड मारायची, म्हणजे दीड तास. अर्ध्या मिलिमीटरच्या आतलाच तर फरक आहे, असं म्हणून मी पुढे गेलो.

कारखान्यात एखाद्या पोरानं मला हे वाक्य ऐकवलं असतं तर त्याला मी घरी पाठवला असता.

गुरुवार, रात्री ९.४० (५६ तास १० मिनिटे आधी)

गोळ्या नव्या होत्या. ३०० ग्रेनच्या, म्हणजे १९.४ ग्रॅमच्या, शिशावर तांब्याचा मुलामा. व्यास इंचाचा ४२९ हजारांश. याआधी मी घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरायचो. त्या एका हजारांशानं जाड असत. शिसं मऊ. पुंगळीचं तोंड नीट फुलवलेलं नसेल तर गोळीची साल निघते. म्हणून माझ्या डायच्या संचात तोंड फुलवायचा जो दांडा होता, तो त्या जाड गोळ्यांच्या हिशेबानं थोडा जाडच होता. गोळी बदलली. दांडा तोच राहिला.

गोळीला धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे पुंगळीच्या भिंतीची पकड. आतला व्यास गोळीपेक्षा दोन-तीन हजारांशांनी कमी असला की पितळ गोळीला चहूबाजूंनी आवळून धरतं. दुसरी म्हणजे तोंडाशी घातलेली मुरड. पहिली पकड ढिली असेल तर दुसरी ती कसर भरून काढत नाही, हे हा छंद असलेल्या कुणालाही विचारा. मलाही ठाऊक होतं. प्रेसचा दांडा ओढताना गोळी पेढ्यात बोट रुतावं तशी आत गेली. नेहमी हाताला जो हलका विरोध लागतो तो लागला नाही. ते जाणवलं. जाणवलं हे आज खात्रीनं सांगतो. त्या वेळी मात्र नवा मुलामा गुळगुळीत असावा, असं म्हणून मी खूश झालो होतो.

गुरुवार, रात्री ११.१५ (५४ तास ३५ मिनिटे आधी)

आता मुरड. इंग्रजीत याला क्रिंप म्हणतात, पण करंजीला मुरड घालणाऱ्या घरात वाढलेल्याला दुसरा शब्द कशाला हवा? मुरड कच्ची राहिली की करंजी तेलात तोंड उघडते, सारण बाहेर येतं आणि त्या एकीपायी सगळा घाणा काळा पडतो. काडतुसाचंही तसंच, फक्त तेल वेगळं.

पिस्तुलाच्या काडतुसाला अशी मुरड चालत नाही. पॉइंट ४५ ऑटोसारखं काडतूस नळीत आपल्या तोंडाच्या काठावरच टेकून बसतं, तो काठ आत वळवला तर टेकायला काही उरत नाही. तिथे काठ नुसता निमुळता करून दाबतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मात्र बुडाशी कंगोरा असतो आणि चक्रीच्या मागच्या तोंडावर तो अडकतो. त्यामुळे पुढचा काठ मोकळा राहतो; तो गोलसर वळवून गोळीच्या अंगावरच्या खाचेत पक्का बसवता येतो. ही खाच शोभेची नसते. आयडाहोचा एल्मर कीथ नावाचा शिकारी-लेखक जन्मभर जड गोळ्या आणि जोरदार भरण यांच्या मागे होता. १९५५ साली आलेल्या या मॅग्नम काडतुसामागे त्याचा लकडा मोठा होता. त्यानं आखलेल्या गोळीला मुरडीसाठी खोल, तिरक्या भिंतीची स्वतंत्र खाच असे. जोर वाढवायचा तर आधी पकड वाढवा, हे त्या माणसाला गोळी आखतानाच कळलेलं होतं. पुढे १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’नं या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर जगभर गाजवलं. खाचेबद्दल त्या चित्रपटात अर्थातच काही नाही.

पकड कशासाठी, ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. बार उडतो तेव्हा रिव्हॉल्व्हर मागे उसळतं. चक्रीत अजून न उडालेली पाच काडतुसं बसलेली असतात. चक्री मागे जाताना त्यांचा कंगोरा धरून पुंगळ्यांना मागे ओढते. पुंगळी जाते. तिच्या तोंडात बसलेली जड गोळी मात्र जडत्वानं आहे तिथेच राहू पाहते. म्हणजे गोळी पुढे येत नाही, तिच्या अंगावरून पुंगळी मागे खेचली जाते. बघणाऱ्याला परिणाम एकच दिसतो: गोळीचं नाक पुढे सरकलेलं. कुऱ्हाडीचं पातं बसवताना आपण दांड्याचं बूड दगडावर ठोकतो आणि पातं आपोआप दांड्यात उतरतं. तोच हा न्याय, इथे नको त्या जागी लागलेला.

हे नाक चक्रीच्या पुढच्या तोंडाबाहेर आलं की चक्री फिरताना ते नळीच्या बुडाला किंवा चौकटीला आडवं येतं. चक्री अडते. चक्री अडली की चाप अडतो. पिस्तूल अडकलं तर हातानं मागे ओढून काडतूस फेकता तरी येतं. असं अडकलेलं रिव्हॉल्व्हर बऱ्याचदा उघडतही नाही, कारण चक्री बाजूला काढायची तर बाहेर आलेलं नाक पुन्हा नळीलाच आडवं येतं. ‘रिव्हॉल्व्हर कधी दगा देत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी या एका कारणाचा विचार केलेला नसतो.

तर मुरड घालायला बसलो. गोळी बसवणं आणि काठ मुडपणं ही दोन कामं मी एकाच डायमध्ये, एकाच दांड्यात उरकत होतो. सराईत लोक ती दोन फेऱ्यांत करतात. एका फेरीत केली तर गोळी अजून खाली जात असतानाच काठ आत वळू लागतो, तो खाचेऐवजी गोळीच्या अंगात रुततो आणि पुंगळीचं पोट बाहेर येतं. अगदी तसंच झालं. लांब पुंगळ्यांपैकी तीन पाठोपाठ पोटाशी फुगल्या. चक्रीच्या भोकात जाईनात.

इथे थांबून पुंगळ्या कापायला हव्या होत्या. मी काय केलं? डाय अर्धा आटा वर घेतला. त्या क्षणी लांब पुंगळ्यांना बेताची मुरड बसू लागली आणि आखूड पुंगळ्यांचा काठ जेमतेम आत कलू लागला. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

गुरुवार, रात्री ११.५० (५४ तास आधी)

फुगलेली तीन काडतुसं मोडायची होती. त्यासाठी प्लॅस्टिकचा एक हातोडा मिळतो. काडतूस त्याच्या डोक्यात उलटं अडकवायचं आणि हातोडा जमिनीवर आपटायचा. हातोडा थांबतो, पुंगळी थांबते, गोळी स्वतःच्या वजनानं निघून येते. चांगल्या बसलेल्या गोळीला पाच-सहा दणके लागतात.

माझ्या तिन्ही गोळ्या एकेका दणक्यात बाहेर आल्या. तीही लांब पुंगळ्यांतली, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या मुरडीची काडतुसं. मी घड्याळाकडे बघितलं. काम लवकर उरकलं म्हणून बरं वाटलं.

रिव्हॉल्व्हर नेमकं तेच करतं जे हा हातोडा करतो. त्या हातोड्यानं मला सगळं सांगून टाकलं होतं, त्याहून स्पष्ट भाषा कुठल्याही यंत्राला येत नाही. ५० काडतुसं डब्यात भरली, दिवा मालवला.

शुक्रवार, संध्याकाळी ६.३० (३५ तास २० मिनिटे आधी)

विमानतळावरून मेहुण्याला आणलं. बायकोचा धाकटा भाऊ, कोल्हापूरचा, पहिल्यांदाच आलेला. त्याचा पहिला प्रश्न, “दाजी, अंधार कधी पडतोय हो हितं?”

शनिवार, दुपारी २.३० (१५ तास २० मिनिटे आधी)

रेंज. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला बंदूक हाताळायला अमेरिकेचा कायदा सहसा मोकळीक देत नाही, त्यामुळे मेहुणा मागे बाकावर कान झाकून बसला.

माझ्याकडे दोन रिव्हॉल्व्हर. एक पोलादी, लांब नळीचं, दीड किलोचं. दुसरं जंगलात कमरेला लावायचं. स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची चौकट, टायटॅनियमची चक्री, रिकामं वजन पाऊण किलोच्या आसपास. दिवसभर कमरेला आहे हे कळतही नाही.

भरण तपासायची जुनी रीत आहे. सहा भरा, पाच उडवा, सहावं बाहेर काढून मोजा. गोळी सरकली नसेल तर मुरड पास. मी ही परीक्षा घेतली. अगदी मनापासून घेतली. पाच बार काढले, सहावं मोजलं. आधी ४०.६ मिलिमीटर, नंतरही ४०.६. आणखी सात उडवली. निशाणाही चांगला लागला. मेहुण्याकडे बघून अंगठा वर केला.

परीक्षा मी पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये घेतली होती. हाताला तेच सोसतं ना.

नंतर रुग्णालयात पडल्या पडल्या मी हिशेब मांडला. पावणेवीस ग्रॅमच्या आतली गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या पुढे जाते, शिवाय दारूचा वायू. तेवढाच संवेग उलट बाजूला. भरलेलं हलकं रिव्हॉल्व्हर जेमतेम ९०० ग्रॅम भरतं, म्हणजे ते सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगानं मागे येतं आणि हा वेग ते दीडेक हजारांश सेकंदात घेतं. त्या क्षणभरात प्रत्येक न उडालेल्या गोळीवर सरासरी १० किलो वजन टांगल्याइतका ताण येतो, शिखराला त्याहून जास्त. पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये तोच ताण निम्म्याच्या आसपास. पाच किलोला टिकलेली मुरड दहा किलोला टिकेल, असं मी कशाच्या जोरावर गृहीत धरलं होतं?

मग हलकं रिव्हॉल्व्हर घेतलं. सहा भरली. चार बार काढले. चौथ्याला मनगटापासून कोपरापर्यंत भणभणलं, तळहाताचं कातडं सोललं. म्हटलं, बस. चार रिकाम्या पुंगळ्या वेचून काढल्या. चक्रीत उरलेली दोन काडतुसं तशीच राहू दिली.

त्या दोन काडतुसांनी चार-चार दणके खाल्ले होते. तेव्हाच मोजली असती तर व्हर्नियरनं मिलिमीटरभर लांबी वाढलेली दाखवली असती. नाकं अजून चक्रीच्या आत होती, बाहेर काही दिसत नव्हतं. पण काठ खाचेतून सुटला होता. एकदा काठ सुटला की उरते ती पितळाची पकड, आणि ती तर मी जाड दांड्यानं आधीच सैल करून ठेवलेली.

शनिवार, रात्री ९.१५ (८ तास ३५ मिनिटे आधी)

स्वयंपाकघराच्या टेबलावर सामान मांडलं. मेहुण्याच्या पट्ट्याला अस्वलाचा फवारा अडकवला. मिरचीच्या अर्काचा, आठ-नऊ मीटर जाणारा. त्यानं डबी उलटीसुलटी करून पाहिली.

“दाजी, आमच्या कांडपातल्या मिरचीवर अस्वल पळतंय व्हय?”

मी हसलो. म्हटलं, “ते तुझ्यासाठी. माझ्याकडे आहे ना.”

अलास्कातल्या प्रत्यक्ष घटना गोळा करून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलांवर फवारा मारलेल्या प्रसंगांपैकी ९२ टक्क्यांत अस्वलानं नाद सोडला, असं त्यात आहे. मी तो वाचला होता. वाचलेलं आणि कमरेला लावलेलं यांत माणूस कमरेला लावलेल्यावर विश्वास ठेवतो.

चक्री उघडली. चार रिकाम्या भोकांत चार नवी काडतुसं घातली. चक्री बंद केली. जुनी दोन कुठल्या भोकांत आहेत, हे बघितलंही नाही.

रविवार, पहाटे २.४५ (३ तास ५ मिनिटे आधी)

निघालो. टर्नअगेनच्या खाडीकडेनं आणि पुढे स्टर्लिंग हमरस्त्यानं कूपर लँडिंगपर्यंत सुमारे १६० किलोमीटर. मेहुणा सगळ्या वाटेत काचेला नाक लावून.

रविवार, पहाटे ५.२० (३० मिनिटे आधी)

रशियन नदी केनाईला मिळते त्याच्या थोडं वर उतरलो. काठावर कालच्या लोकांनी साफ केलेल्या माशांचे सांगाडे पडलेले, वर घिरट्या घालणारे पांढरे पक्षी. असं दिसलं की जागा बदलायची, हा इथला पहिला धडा. पण पाण्यात लाल पाठी दिसत होत्या आणि पाहुण्याला पहिला मासा मिळवून द्यायचा होता.

पाचव्या फेकीलाच त्याला मासा लागला. तो मोठमोठ्यानं हसत होता, आणि आवाज होतोय हे बरंच आहे, असं मला वाटलं. खरंही होतं ते. पण नदीचा खळाळ आमच्या आवाजापेक्षा मोठा होता.

रविवार, पहाटे ५.४६ (४ मिनिटे आधी)

समोरच्या झुडपांतून दोन पिल्लं पाण्यात उतरली. वासराएवढी. मेहुण्यानं फोन काढला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू मागे व्हायला सांगितलं. दोन पिल्लं दिसतात तेव्हा तिसरं जनावर कुठे आहे, एवढा एकच प्रश्न असतो.

ती आमच्याच काठावर होती, वरच्या अंगाला.

रविवार, पहाटे ५.५०

चाळीसेक पावलांवर ती मागच्या पायांवर उभी राहिली, मग खाली आली. मी रिव्हॉल्व्हर काढून आमच्यामधल्या वाळूत पहिला बार टाकला. इशारा म्हणून. फवाऱ्याचा ढग या वेळी काय करू शकतो, हे माहीत असताना मी आवाजावर भरवसा टाकला. ती बिचकली नाही, सुटली. तपकिरी अस्वल ताशी ५० किलोमीटरनं धावतं. दुसरा बार मी तिच्यावर काढला. कुठे गेला, माहीत नाही.

तिसऱ्यांदा चाप ओढला. चाप दगड झाला होता. दोन बोटं घालून ओढला. घोडा मागे ओढून पाहिला. चक्री अर्ध्या वाटेत अडकलेली. तिसऱ्या भोकात शनिवारचं काडतूस आलं होतं. कालचे चार दणके, आजचे दोन.

त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. डावा हात मी तोंडापुढे धरला, तो तिच्या तोंडात गेला. वजन. तोंडात वाळू. मग मिरचीचा जाळ, डोळ्यांत, नाकात, घशात. मेहुण्यानं तीन-साडेतीन मीटरांवरून पूर्ण डबी आम्हा दोघांवर रिकामी केली होती, आणि तो कोल्हापूरच्या तालमीतल्या सगळ्या शिव्या देत होता. अस्वलीण हात सोडून, मान झटकत पाण्यात गेली. पिल्लं तिच्या मागे. खालच्या अंगाला मासे धरणारे दोघे धावत आले. त्यातल्या एकानं आपला कमरपट्टा काढून माझ्या दंडाला आवळला. तासाभरानं हेलिकॉप्टर.

बुधवार, सकाळी ११ (३ दिवसांनंतर)

त्या धावत आलेल्यांपैकी एकानं नदीकाठीच साफसफाईचा दांडा नळीतून घालून अडकलेली गोळी मागे लोटली होती आणि चक्री उघडून दिली होती. चार न उडालेली काडतुसं एका पिशवीत घरी आली. उजव्या हातानं, उशीवर रेलून, मी एकेक मोजलं. भरताना सगळी ४०.६ होती.

अडकलेलं काडतूस ४३.५. त्याचं जोडीदार, तेही शनिवारचंच, ४३.१. ते आणखी एक दणका खाऊन अडकलंच असतं. दोन नव्यांपैकी एक ४०.९. आणि शेवटचं ४०.६, केसभरही न हललेलं. त्याची पुंगळी पाहिली. लांब निघाली, ३२.६ मिलिमीटरची. खाचेत काठ पक्का बसलेला.

मेहुणा शेजारीच होता. त्यानं फवाऱ्याची रिकामी डबी कोल्हापूरला न्यायला ठेवली आहे, विमानात नेऊ देत नाहीत असं सांगितलं, तर म्हणाला, “दाजी, भोक पाडून नेतो.”

डब्यात अजून २८ काडतुसं होती. मला हातोडा धरता येत नव्हता आणि मेहुण्यानं काडतुसांना हात लावायचा नव्हता. बायको गॅरेजमध्ये गेली, कागद-पेन्सिल घेऊन. खालून दणक्यांचे आवाज येत होते, मी मोजत होतो. वर आली तेव्हा कागदावर तीन रकाने होते. १९ गोळ्या पहिल्या दणक्यात निघाल्या होत्या, सहा दुसऱ्यात. चार-पाच दणके सोसणाऱ्या फक्त तीन.